टेप खालून वर गुंडाळायची

अण्णा,

तुम्ही चुकला होतात. तुम्ही असताना हे मी एकदाच म्हटलं, तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. तुम्हाला जाऊन पंधराहून जास्त वर्षं झाली, आता उठून जाता येणार नाही, तेव्हा पूर्ण ऐका. माइक बंद पडला तरी माझा आवाज मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. तुम्हाला हा आवाज कधी आवडला नाही. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतली ढाल घेऊन मी धावत कॅम्प दोनच्या आपल्या दुकानात आले होते. तुम्ही ती हातात घेतलीत, उलटी करून बघितलीत, जणू मागे स्क्रू असणार आहेत, आणि सोल्डरिंगच्या स्टँडशेजारी ठेवून म्हणालात, "तोंड चालतं ते कळलं. आता हात चालव. तो कनेक्टर गरम कर."

दुकान म्हणजे अर्धं दुकान. मधे प्लायवुडची भिंत, पलीकडे वायर-केबलवाले सिंधी शेठ, अलीकडे आपण, आणि आपल्याभोवती टेबलभर उघडे वॉकीटॉकी. तुमचे गुडघे गेल्यापासून टॉवरवर मी चढायला लागले होते. बाजारातून तुम्ही जुना सेफ्टी बेल्ट आणलात, माझ्या कंबरेला तो ढगळ होत होता म्हणून तापलेल्या खिळ्याने त्याला आणखी दोन भोकं पाडलीत. शेठ प्लायवुडवरून डोकं काढून ओरडले होते, "साईं, लडकी को टावर पे चढाते हो, शादी कौन करेगा इससे?" तुम्ही खिळ्यावरची नजर न काढता म्हणालात, "जो नीचे से सीढी पकडेगा." शेठ हसले, मी हसले. तुम्ही हसला नाहीत. ते विनोदाने बोलला नव्हतातच.

दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. अंबरनाथच्या पाच रासायनिक कारखान्यांनी मिळून एक वायरलेस यंत्रणा उभी करायचं ठरवलं. एकात आग लागली, गॅस सुटला, तर बाकी चौघांचे बंब आणि माणसं लगेच निघावीत म्हणून. पण हातातल्या सेटचा आवाज इमारती आणि टेकड्यांनी अडायचा, म्हणून बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाच्या एका डोंगरावर रिपीटर बसवायचा होता. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलतो. मला तो उंचावर उभा राहिलेला निरोप्या वाटायचा. इतकं मोठं काम आपल्या अर्ध्या दुकानाला मिळालं, त्या संध्याकाळी तुम्ही विहारात जाऊन आलात आणि घरी काहीच बोलला नाहीत. आई म्हणाली, "खूश असले की ह्यांची जीभ आणखी आखडते."

डोंगराच्या पायथ्याशी दहा-बारा घरांचा पाडा होता. तिथल्या लोकांनी बॅटऱ्या डोक्यावरून वर नेल्या, टॉवरचे तुकडे खांद्यावरून नेले. त्यांच्यातलाच एकजण वरच्या खोलीचा राखणदार नेमला गेला. भातशेती पावसापुरती, बाकी वर्षभर जंगलातली मोळी, असा माणूस. पहिल्यांदाच दरमहाचं काम मिळालं म्हणून तो खोलीसमोरची जागा रोज झाडायचा. मी चाळीस फुटांवर बेल्टने लटकलेली, खालून तो विचारायचा, "बाय, वरशी मुंबय दिसते का गं?"

आता चूक सांगते. अँटेनातून केबल खाली येते, त्या जोडावर आधी रबरी टेप आणि वरून काळी टेप गुंडाळायची असते. ती नेहमी खालून वर गुंडाळायची. हे तुम्ही मला शंभर वेळा शिकवलं होतं. कौलं कशी घालतात? खालची ओळ आधी, वरची तिच्यावर, म्हणजे पाणी घरंगळून जातं. टेपचंही तसंच. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक पदराचं तोंड आकाशाकडे उघडं राहतं आणि पाणी आत घेतं. पण त्या दिवशी मी जोडाच्या वर बसले होते. हात वरून पोहोचत होते, उन्हाने लोखंड भाजत होतं, आणि मनात परवाच्या भाषणाची जुळवाजुळव चालू होती. मी वरून सुरुवात केली. दिसायला ती गुंडाळी इतकी सुबक झाली, की खालून तुम्ही दुर्बिणीतून बघून "छान" म्हणालात. आयुष्यात मला मिळालेल्या मोजक्या "छान"पैकी एक, आणि तो नेमका चुकीच्या कामाला.

जुलैत रिपीटर बहिरा झाला. आधी अधूनमधून, मग दोन दिवस पूर्ण. कारखान्यांचा सुरक्षा अधिकारी जीप घेऊन पाड्यापर्यंत आला आणि खालीच थांबला, आपण दोघं वर चढलो. तुम्ही मीटर लावला. अँटेनाकडे जाणाऱ्या पॉवरमधली निम्मीअधिक उलटी फिरून येत होती, म्हणजे दोष केबलमध्येच. तुम्ही खोलीतला खालचा कनेक्टर उघडलात आणि तळहात धरलात. तळहातावर पाणी पडलं. हिरवट, तांब्याचा गंज उतरलेलं पाणी, चमचाभर तरी. आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी वर चढले, टेप सोडवली, आणि पदर कुठल्या बाजूने उघडे आहेत हे बघायचीसुद्धा गरज नव्हती. बोटांना आठवत होतं.

नवीन केबल ओढून, वरचा जोड नीट करून मी खाली उतरते आहे, तेवढ्यात राखणदाराची बायको धापा टाकत वर आली. पदर भिजलेला, पायाला चिखल. "बाय, त्यास गाडीत बसवलाय. सायेब बोलतो तार तूच तोडलीस, भंगारात इकलीस. ठाण्यावर नेतो म्हंतो. तुमी सांगा ना, तुमी तर बघितलाव!"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मीटर कापडात गुंडाळत होतात. सावकाश, नेहमीसारखं. म्हणालात, "खाली जाऊन मी साहेबांशी बोलतो. केबल बदलली, काम झालं, एवढंच सांगू."

"आणि तो?"

"त्याला सोडतील. पुरावा नाही."

"अण्णा, पुरावा नसताना आपल्या लोकांना कधी सोडलंय? त्याच्या लोकांना कधी सोडलंय?"

"गप्प राहा." आणि मग हळू आवाजात, त्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून, तुम्ही जे बोललात ते मला अजून तोंडपाठ आहे. "दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर चूक झाली म्हणतात. आपल्या हातून झाली तर म्हणतात, ह्यांना काम दिलं कशाला. तीस वर्षं मी एकही जोड खराब केला नाही, तो ह्याच भीतीने. तू एका वाक्यात ते घालवू नकोस."

अण्णा, ही भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. ती कुणी तुमच्यात भरली, कुठल्या शाळेत, कुठल्या कारखान्याच्या फाटकावर, हे तुम्ही न सांगताही मला ठाऊक होतं. तुमच्याच कपाटातले निळ्या पुठ्ठ्याचे ग्रंथ मी वाचले होते. पण मी विचारते, तुमचं निष्कलंक नाव राखण्यासाठी एका मोळीविक्याने चोर व्हायचं? आपल्यावर वरून जे ओझं टाकलं गेलं, ते आपण आणखी खालच्या डोक्यावर द्यायचं? मग आपण धर्म बदलला तो कशासाठी? भिंतीवरची तसबीर बदलायला? कुणी आपल्याला एका चुकीवरून नालायक ठरवत असेल तर खोटं त्याचं आहे. ते खोटं सांभाळायची नोकरी आपण का करायची? हे मी तेव्हा विचारलं नाही, तेवढा वेळ नव्हता. खाली उतरायला पाऊण तास लागत होता आणि जीप तोवर थांबेल याचा भरवसा नव्हता. पण जीपमध्ये सेट होता. पाचही कारखान्यांच्या फाटकांवर सेट होते. आणि रिपीटर नुकताच बरा झाला होता.

मी हातातल्या सेटचं बटण दाबलं. क्षणभर थांबले, कारण लगेच बोललं की पहिला शब्द कापला जातो. मग बोलले.

"सर्व स्टेशन, डोंगरावरून बोलतेय. केबल कुणीही कापलेली नाही. परत सांगते, केबल कुणीही कापलेली नाही. वरच्या जोडाची टेप उलटी गुंडाळली होती, त्यातून पाणी शिरलं. टेप मी गुंडाळली. गाडीत बसवलेल्या माणसाला सोडा."

मग कुठल्यातरी फाटकावरचा भय्या, "मॅडम, टेस्टिंग है क्या? आवाज एकदम साफ है!" आणि लगेच अधिकाऱ्याचा आवाज, "कोण बोलतंय? हा चॅनेल गप्पा मारायला नाही."

"गप्पा नाहीत, साहेब. फॉल्ट रिपोर्ट आहे."

सभेत मी इथे थांबते. लोक हसतात, मग टाळ्या वाजतात. त्यापाठोपाठ मी सांगते की जीपचं दार उघडलं, राखणदार खाली उतरला, त्याची बायको उतारावरून पळत सुटली. वर्षभराचं देखभालीचं काम आपल्या हातून गेलं, तुम्ही माझ्याशी अकरा दिवस बोलला नाहीत, आणि त्या अकरा दिवसांत मी वक्ता झाले. पुन्हा टाळ्या. एका बाजूला घाबरलेला बाप, दुसऱ्या बाजूला न घाबरलेली मुलगी. गोष्ट उभी राहायला एवढं पुरतं.

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय, की आत्ता तुम्हाला लिहितानाही हात त्याच वळणाने गेला. तुम्ही तर तिथे होतात.

माझ्या "फॉल्ट रिपोर्ट"नंतर अधिकारी हसला होता. म्हणाला, "पोरीबाळींचं ऐकून मी पंचनामा बदलू काय? तुमच्या मिस्त्रीला द्या सेट. त्याच्या तोंडून येऊ दे." जीप सुरू केल्याचा आवाजही सेटवर आला. तुम्ही माझ्या हातातून सेट घेतलात. बटण दाबलंत, थांबलात, आणि पाचही फाटकांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जोड माझ्या दुकानाचा. तपासायची जबाबदारी माझी होती, मी तपासला नाही. चूक माझी आहे. माणसाला सोडा." पोरीने केलं, असं तुम्ही म्हटलं नाहीत. ते खरं होतं आणि सोयीचंही होतं, तरी म्हटलं नाहीत. जीपचं दार त्यानंतर उघडलं.

माझ्या आवाजाने ते उघडलं नव्हतं, अण्णा.

त्याआधीची जी पाच-सात मिनिटं तुम्ही मीटर कापडात गुंडाळत बसलात, त्यांबद्दल मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. तो माणूस तेवढा वेळ चोर म्हणून बसला होता. तुम्ही चुकला होतात, हे पहिलं वाक्य मी खोडत नाही. पण तीस वर्षं जपलेलं नाव तुम्ही चार वाक्यांत स्वतःच्या हाताने टाकून दिलंत, आणि ती चार वाक्यं मी गेली वीस वर्षं माझ्या भाषणातून कापत आले आहे.

हे पत्र वहीतच राहील. उद्या बदलापूरला सभा आहे, तीच गोष्ट सांगायची आहे. तुमची चार वाक्यं तीत घालेन की नाही, मला खरंच माहीत नाही. टाळ्या मला फार आवडतात.