महेशच्या नावाने खेळताना

९ जून
उशिरा लिहितोय, माफ कर. कोणाला म्हणतोय ते माहीत नाही, वहीलाच बहुतेक. महेश जहाजावर गेला तेव्हा ठरवलेलं, रोज लिहायचं आणि तो आला की वाचायला द्यायचं. महिने गेले, पान कोरं. आज हिने वही पुढ्यात टाकली. म्हणाली, लिहा, नाहीतर मी त्यात किराणा लिहीन.
महेश, आमचा मुलगा, फिटर आहे. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, कागदांचं काहीतरी अडलंय. एप्रिलपासून फोन नाही, मेसेज नाही. एजंटच्या ऑफिसातून एवढंच सांगतात, सगळे सुखरूप, नेट बंद.
जेवण झालं. भेंडी होती.

१२ जून
फळं आणायची राहिली. खेळातली.
हा खेळ महेशनेच माझ्या फोनवर घालून दिला. खातं त्याचं, नाव त्याचं. राक्षस पाळायचे, शिकवायचे, सहा जणांची टीम करायची, दुसऱ्याच्या टीमशी लढवायची. गणपतीनंतर ठाण्यात स्पर्धा आहे, तोवर तो सुट्टीवर येणार होता. जाताना म्हणाला, "बाबा, तिकडे मला वेळ नाही मिळणार. तुम्ही रोज थोडं थोडं वाढवून ठेवा. मी आलो की नुसता लढणार." मी सातवीपर्यंत शिकलेलो. सगळा जन्म वागळे इस्टेटला स्प्रिंगच्या कारखान्यात. म्हटलं, मला जमणार का. म्हणाला, "तापलेल्या स्प्रिंगला पाणी देत होतात ना, तसंच."
तसं नाही. पण करतो.
एक खातं दोन फोनवर एकदम चालत नाही. त्याने तिकडे उघडलं की मी इकडे बाहेर. स्क्रीनवर यायचं, 'हे खातं दुसरीकडे उघडलं आहे.' मार्चमध्ये रोज व्हायचं. मी फोन ठेवून द्यायचो आणि हिला सांगायचो, महेश आला गं.
आता कोणी बाहेर काढत नाही. हवं तितकं खेळा.

१९ जून
मोठी चूक. चार महिने सगळ्यांचा वेग वाढवत बसलो. त्यातला खडकोबा राक्षस तर पळायलाच लागलेला. आज महेशचा जुना आवाजी मेसेज परत लावला, त्यात स्पष्ट म्हणतोय, "बाबा, वेगाला हात लावू नका. आपली टीम मंदच पाहिजे. ढिगळ्या आधी काळ उलटा करतो, मग जो सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी मारतो."
तेव्हा वाटलं थट्टा करतोय. मुद्दाम कोण मंद ठेवतं? आपण पोराला पळच म्हणतो.
आता एकेकाला कडू फळं चारून वेग उतरवायचा. एका फळाने कणभर उतरतो. ही म्हणाली, "त्या जनावरांना भरवताय, स्वतः कधी जेवणार?" जेवलो.

२७ जून
बेलापूरला एजंटच्या ऑफिसात गेलेलो. सांगून नाही गेलो, सांगितलं की येऊ नका म्हणतात. टेबलावर महेशच्याच वयाचा मुलगा.
"काका, फोनवर सांगितलं ना, सगळे फाइन आहेत."
"नुसता आवाज ऐकायला मिळेल का? मिनिटभर."
"कॅप्टनलाच नेट नाहीये, काका. चहा घेता?"
घेतला. गोड होता.
येताना शीळफाट्याला बस अडकली ती अडकलीच. खिडकीला बसून खडकोबाला फळं चारली. वाटलेलं, बसमध्ये रडू येईल. नाही आलं. काहीच नाही आलं.

६ जुलै
या खेळात लिहून बोलता येत नाही, लहान मुलं खेळतात म्हणून. ओळखीच्या खेळाडूला नुसता हात हलवून दाखवता येतो. 'मोगरा' नावाचा कोणी आहे महेशच्या यादीत. मी खेळात चढलो की हात हलवतो. महेशचा मित्र असेल. मीही हलवतो. समोरच्याने नमस्कार केला तर आपण काय तोंड फिरवणार?
आता रोजचंच झालंय. दुपारी चहाच्या वेळेला.

१५ जुलै
बी.पी. वाढलंय. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. ते गोळीसारखं दिवसातून दोनदा करायचं का, विचारायचं होतं.
बागेत पाटील भेटला. मूळचा इथला, आमच्याच लाइनीत कामाला होता. "काय रं, तुजी फौज लरली का नाय अजून?" म्हटलं, नाही, हळू करतोय. "हळू? अरं, तू तं पयलेच हळू." बाकावरचे सगळे हसले. मग त्यानेच हळूच विचारलं, "पोराचा फोन?" मी नाही म्हणून मान हलवली. त्याने शेंगांची पुडी माझ्या हातात दिली आणि क्रिकेटवर बोलत बसला.

२६ जुलै
सूनबाई आली. प्रज्ञा. ती कोलशेतला राहते, नोकरी तिकडे आहे. न सांगता आली. पर्सही खांद्यावरून काढली नाही, हिलाच विचारलं, "आई, महेशचं तुमच्याशी बोलणं होतं ना?"
ही म्हणाली, नाही गं.
"लपवू नका. त्याला नेट आहे. रोज दुपारी गेमवर असतो. नावापुढे हिरवा ठिपका येतो, मला दिसतो ना. मी हात हलवते, तो पण हलवतो. गेमला वेळ आहे, मला एक मेसेज करायला नाही?"
मला तेव्हा कळलं, मोगरा कोण ते. मी पाणी आणायला उठलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो, पाणी भरलंच नाही. मग बाहेर येऊन सांगितलं.
"म्हणजे ते तुम्ही होतात?"
"हो."
"दर वेळेला?"
"दुपारी मीच."
तिने पर्स खांद्यावरून काढली. मग थोडी हसली. "म्हणजे महिनाभर मी सासऱ्याला हात करतेय."
हीपण हसली. मी नाही हसलो. मग प्रज्ञा आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. जेवली नाही. डबा दिला तो नेला.

२८ जुलै
प्रज्ञाला फोन केला. म्हटलं, खेळ बंद करतो. म्हणाली, "नको, बाबा. टीम अर्धी राहिली तर आल्यावर माझ्या नावाने ओरडेल. एक करा. चढायच्या आधी मला मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉल आला की तुम्ही. न येता ठिपका दिसला की..."
बरोबर आहे. आधीच सुचायला हवं होतं. माझ्या ठिपक्यामुळे त्याचा ठिपका कळणार कसा?

११ ऑगस्ट
मिस्ड कॉल, मग चढणं. मिस्ड कॉल, मग चढणं. प्रज्ञा आता हात हलवत नाही.
शेवाळी आणि खडकोबा पुरते मंद झाले. तडतड्याचा वेग उतरवायचा राहिलाय. भोपळ्या सगळ्यांच्या शेवटी ठेवला, तो महेशचा लाडका, त्याला उगाच मार नको. असं चालतं की नाही, कोणाला विचारू?
जहाजाचं काही नाही.

२२ ऑगस्ट
अक्षर नीट येत नाही.
दुपारी मिस्ड कॉल देऊन चढलेलो. टीम लावत होतो. एकदम स्क्रीन काळी. 'हे खातं दुसरीकडे उघडलं आहे.'
मी लगेच परत चढलो.
लगेच. विचार न करता. निसटलेली वस्तू पकडतो तसा. चढल्यावर लक्षात आलं, मी चढलो म्हणजे तिकडे जो कोणी होता तो बाहेर गेला. मग उतरलो, फोन टेबलावर ठेवला, वाट बघितली. संध्याकाळपर्यंत. परत चढून बघितलं, कोणी नाही.
टीममध्ये भोपळ्या पहिला होता. मी शेवटी ठेवलेला. मीच मघाशी सरकवला का? आठवत नाही. आठवत नाही.

२३ ऑगस्ट
प्रज्ञाला विचारलं, तू उघडलंस का त्याचं खातं? म्हणाली, पासवर्ड तिला माहीत नाही. तिने हिरवा ठिपका बघितला, पण माझा मिस्ड कॉल आलेला, म्हणून तिला वाटलं मीच.
"किती वेळाने परत चढलात, बाबा?"
"लगेच."
ती म्हणाली, "असू दे."
पूर्वी असंच व्हायचं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावला की दोघांनाही एंगेज लागायचा. तेव्हा एकाने थांबायचं असतं. मी कधी थांबायचो नाही, ही थांबायची.
एजंटला सांगितलं. म्हणाला, काका, नेट बंदच आहे, काहीतरी तांत्रिक असेल. असेल.

२ सप्टेंबर
गणपतीला प्रज्ञा दीड दिवस राहिली. हिने तिला तळणीचे मोदक करायला बसवलं. खेळाबद्दल कोणी बोललं नाही. आरतीला महेशचा टाळ भिंतीला तसाच होता. माझी आरती मध्येच चुकली. कोणी हसलं नाही.
निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "बाबा, टीमला नाव असतं ना वर? ते मला दिसतं. कुठूनही उघडलं तरी त्यालाही तेच आधी दिसेल."
मी म्हटलं, दहाच अक्षरं बसतात. म्हणाली, दहा पुष्कळ.

५ सप्टेंबर
टीम झाली. सहाही जण मंद. ढिगळ्याला काळ उलटा करायला लावून एकदा लढवून बघितलं. शेवाळी, जिला चालता येत नाही, तिने सगळ्यांच्या आधी मारलं. जिंकलो. पहिल्यांदाच. हिला दाखवलं, ही म्हणाली, छान. भोपळ्याला पहिलाच ठेवलाय. हलवला नाही.

९ सप्टेंबर
नावाचा विचार करतोय दिवसभर. 'आई बरी आहे' बसतं. 'प्रज्ञा रोज तुझी वाट बघते' बसत नाही. 'मी चुकलो' बसतं, पण त्याला काय कळणार कशाबद्दल, उगाच घाबरेल.
प्रज्ञाला विचारलं. म्हणाली, तुम्हीच ठरवा.

१० सप्टेंबर
सकाळी तिला मिस्ड कॉल दिला, शेवटचा. चढलो, नाव बदललं, उतरलो. मग खेळच फोनवरून काढून टाकला, हात जातो म्हणून. आता हिरवा ठिपका दिसला तर तो माझा नसेल. तो बघायचं काम प्रज्ञाचं.
दुपारी काही करायला नव्हतं. चहा दोनदा घेतला.
प्रज्ञाचा फोन नाही अजून. स्पर्धा पुढच्या रविवारी आहे, ती जाऊ दे, स्पर्धेचं काही नाही. टीमचं नाव 'लवकर कळव' ठेवलंय. तू चढशील तेव्हा इकडून कोणी तुला बाहेर काढणार नाही. नेट मिळालं की आधी तेवढं वाच, आणि लवकर कळव रे.