चौकाच्या पुढे जाऊ नका

३ डिसेंबर
आजही मोठी बोट लागली. दोन हजार माणसं उतरली म्हणे! आमच्या गल्लीत एकही नाही. चौकापर्यंत येतात, तिथल्या जुन्या घड्याळाचे फोटो काढतात, मागे फिरतात. मी लाकडी डबे पुसत बसलो. पुसलेलेच पुन्हा.

४ डिसेंबर
कारण कळलं. महिन्यापूर्वी गल्लीच्या तोंडाशी बोटीवरच्या एका बाईची पर्स मारली — तेव्हापासून बोटीवर माइकवरून सांगतात, चौकाच्या पुढे जाऊ नका. समोरचा पिशवीवाला म्हणाला, "दादा, आपण जन्मात बोटीवर चढलो नाही, बदनामी मात्र रोज समुद्रावर फिरते!" हसलो दोघं.

असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत दुकान टिकत नाही. ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. दुकानात निदान "हा केवढ्याला?" एवढं तरी कानावर पडायचं.

६ डिसेंबर
बोटीची गाईडबाई मंगळवारी गल्ली बघायला येणार. तिला पटलं तर बोटीवर वाटतात त्या खरेदीच्या यादीत आपल्या गल्लीचं नाव पुन्हा. गल्लीतले सगळे दुकानदार माझ्याकडे बघू लागले — वयानं मी मोठा, अक्षरही बरं. गावच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार गुरुजी माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

पाहुण्यांच्या भाषेत मोठी पाटी रंगवली, लाल अक्षरांत: "चोरांपासून सावध राहा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." चौकीवरून पोलीसही मागून घेतला. बंदूकवाला! देवापुढे हात जोडले. आता त्याची इच्छा.

९ डिसेंबर
गाईडबाई पाटीपाशीच थांबली. वाचली. पोलिसाकडे बघितलं. "काका, एवढा बंदोबस्त? म्हणजे इथे रोजच काहीतरी होत असणार."

"नाही हो बाई, एकदाच झालं. तुम्हाला निर्धास्त वाटावं म्हणून —"

छान हसली, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत गेली. गल्लीत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

पिशवीवाला एवढंच म्हणाला, "अक्षर मात्र सुरेख हं, दादा."

१० डिसेंबर
यादीत नाही.

११ डिसेंबर
पाटी उतरवली. चूक माझीच. भीती घालवायला गेलो आणि रंगवून ठेवली.
आज देवाकडे काही मागितलं नाही. नुसता समोर बसलो. तोही बोलत नाही, पण बसू देतो.

१४ डिसेंबर
मुलाला फोन केला. म्हटलं, सुट्टीत नातीला घेऊन या, चार दिवस दुकानात खेळेल. त्यानं आधी माझी तब्येत विचारली. मग — "बाबा, तुम्हीच या ना इकडे. ही म्हणते, त्या गल्लीत पोरीला न्यायचं नाही."

कुणी सांगितलं तिला?

"तुम्हीच फोटो पाठवला होतात ना, पाटीचा."