सुरकुतीतला राजा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय जुने शिलालेख वाचणे, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था सांगत आहे. हात थरथरतो, म्हणून पत्नी लिहून घेत आहे. डोक्याबद्दल तिचे मत वेगळे आहे.

१. राहते घर व त्यातील चीजवस्तू पत्नीला. माझ्या दगडांनी अडवलेला जिना तिने खुशाल मोकळा करावा.

२. ठसे घेताना ओला कागद दगडावर ठोकायचा ब्रश मुलीला. ती त्याने आजही गालिचेच झाडते, तेव्हा वापरात खंड पडणार नाही.

३. भिंग धाकट्या भावाला. दुसऱ्यांचे दोष त्याला भिंगाशिवायही मोठे दिसतात. आता स्वतःचे पाहावेत.

४. प्राध्यापकांना काहीही नाही. मी डोंगरातल्या लेखातून एक राजा शोधला. तो बापाच्या गादीवर बसला की काकाच्या, यावरून या गृहस्थांनी बावीस वर्षे माझे डोके खाल्ले. काही मिळायचे नाही, म्हणूनच त्यांना साक्षीला बोलावले आहे.

५. आता जे सांगायला आजवर जीभ रेटली नाही ते. तो राजा नव्हताच. ठसा घेताना ओल्या कागदाचे दुसरे टोक पत्नीने धरले होते. ती शिंकली आणि कागदाला सुरकुती पडली. शाई लावल्यावर तिथे चार अक्षरे दिसू लागली. "अहो, ही घडी आहे, अक्षरं नाहीत," असे ती तेव्हाच म्हणाली होती. मी म्हणालो, "तू फक्त कागद धर." त्या चार अक्षरांत मी राजाचे नाव वाचले आणि त्यावर जन्मभर मानाच्या शाली पांघरल्या. गेल्या वर्षी दगड पुन्हा पाहिला. त्या जागी तो कोरा आहे. मला लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर ही दुरुस्ती पत्नीच्या नावाने छापावी.

येथे लेखणी थांबली. पत्नी म्हणाली, "तुम्ही गेल्यावर? मग 'मी सांगत होते' असं म्हणायचं कुणाला?"

प्राध्यापक एवढेच म्हणाले, "म्हणजे बापही नाही आणि काकाही नाही?"

६. सबब कलम पाचमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द. दुरुस्ती आजच्या टपालाने जाईल. आरंभीचे 'कोणाच्याही दडपणाशिवाय' हेही खोडावे.

स्थळ : घरातील मागची खोली
दिनांक : नऊ जानेवारी, गुरुवार, टपाल निघण्यापूर्वी

सही : (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार :
१. प्राध्यापक. राजाच्या निधनाच्या दुःखात सहभागी.
२. शेजारचे डॉक्टर. सांगणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे. प्राध्यापकांना पाणी दिले.

लिहून घेणार : पत्नी. सांगितले तसेच लिहिले. या कागदाला घडी पडू दिलेली नाही.