आवाज आला का?

४ मार्च, बुधवार. सकाळी ७.५०
सौ. हॉस्पिटलातून रात्रपाळी करून आली. बूट काढायच्या आधीच म्हणाली, अहो, त्या गाडीचं काहीतरी करा. मी आठला डोळा मिटते आणि सव्वाआठला तुम्ही रणगाडा बाहेर काढता. काल वॉर्डात गोळ्यांचा ट्रे लावताना उभ्या उभ्या डुलकी लागली. दुसऱ्या सिस्टरने कोपर मारलं म्हणून निभावलं. असंच चाललं तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल, आणि तो पेशंटचा नसेल.
शेवटच्या वाक्याचा रोख कळला नाही. दमली होती बिचारी.

त्याच दिवशी, जेवणाची सुट्टी
निर्णय: रविवारपर्यंत गाडी मुकी करायची.
कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, काका, अख्खा सायलेन्सर नवीन टाका. हे तर कुणीही सांगेल. गेल्या महिन्यात फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलला, त्यामुळे सध्या खिशात घालायला फक्त हात आहेत. पण हात आहेत ना! पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता मी जे शिकलो, ते कॉलेजात शिकवत असते तर पंप गळले नसते.

५ मार्च, गुरुवार
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आधी निदान, मग उपचार. लोक इथेच चुकतात.
गाडी खिडकीखाली मेन स्टँडवर लावली. नऊ ते साडेदहा वेगवेगळ्या वेगाला इंजिन चालवून आवाजाच्या नोंदी घेतल्या.
हळू: धडधड.
मध्यम: धडाड धडाड.
पूर्ण: लिपी अपुरी पडते.
शेवटची नोंद चालू असताना वरून उशी आली. सौ.ची. उशी नेमकी सायलेन्सरच्या तोंडावर पडली आणि आवाज क्षणभर दबला! म्हणजे आत काहीतरी भरायला हवं. मोठे शोध असेच लागतात. उशीला थोडा काळा डाग पडला. तो भिंतीकडच्या बाजूला फिरवून ठेवला.

७ मार्च, शनिवार
स्वयंपाकघरातल्या तारेच्या घासण्या घेतल्या. चारही. कापूस जळतो, तार जळत नाही. मागच्या नळीतून आत कोंबल्या, लाटण्याने दाबल्या. पहिल्या वळणापर्यंत अप्रतिम. सिग्नलला जरा जोरात रेस केली, तशा चारही घासण्या तोफेतून सुटल्यासारख्या बाहेर. मागच्या स्कूटरवर एक बाई होत्या. हसू दाबत म्हणाल्या, दादा, तुमची भांडी घासायची राहिली वाटतं.
तत्त्व बरोबर होतं. घासण्यांची क्वालिटी कमी पडली. हल्ली कशातच जीव राहिलेला नाही.
रात्री सौ. कढई घासायला गेली. घासण्या कुठे गेल्या, म्हणाली. मी म्हणालो, टेस्टिंगला.

८ मार्च, रविवार
आजचा दिवस निर्णायक. सायलेन्सरवर पत्र्याचं जाकीट चढवायचं. तेलाचा रिकामा डबा कापला. पत्रा गोलाईला बसवायचा तर ठोकावाच लागतो, आणि घाईने ठोकला तर फाटतो. म्हणून सावकाश, एकसारखे ठोके. साडेआठला सुरू केलं.
दहाच्या सुमारास सौ. खाली आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाली, काय चाललंय? मी म्हणालो, तुझ्या झोपेसाठीच चाललंय. ती माझ्याकडे बघत राहिली. हातोडीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग हसायला लागली, आणि मध्येच कुठेतरी ते हसणं राहिलं नाही.
बॅग भरून धाकट्या बहिणीकडे गेली. दोन गल्ल्या पलीकडे. म्हणाली, रोज ड्युटी संपली की तिथेच झोपेन. काम झालं की सांगायला या. पण चालत या.
जाकीट मात्र फिट बसलं.

१० मार्च, मंगळवार
जाकिटाचे निष्कर्ष. पूर्वी एकच आवाज होता. आता पत्र्याचाही येतो. पण नवा जुन्याला झाकतो, म्हणजे मूळ आवाज कमी झालाय असं म्हणायला पूर्ण जागा आहे.
साडूचा फोन. म्हणे, ताई इकडे मजेत आहेत, छान झोपतात. आमची इलेक्ट्रिक स्कूटर हो, आली काय न् गेली काय, कळत नाही. मी म्हणालो, अभिनंदन. त्याच्या स्कूटरचा आवाज येत नाही हे खरं. त्याची कसर तो स्वतः भरून काढतो.
जेवण: ब्रेड. भांडी पडून आहेत. घासायला काही नाही.

१२ मार्च, गुरुवार
मत द्यायचं तर ते ऐकणाऱ्याने द्यावं. म्हणून कारखान्यात जाता जाता गाडी मेव्हणीच्या घराकडे वळवली. सौ. चालत या म्हणाली होती, पण गाडीची चाचणी चालत कशी घेणार? मेव्हणी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मला बघून हातवारे करायला लागली. तोंड हलत होतं, पण इंजिनमुळे एक अक्षर ऐकू येईना. मी ओरडून विचारलं, काय म्हणतेस? ती ओरडून म्हणाली, भावोजी, ताई आत्ता कुठे झोपलीय! मी ओरडून म्हणालो, मग उठवू नकोस!
गॅलरीत सौ. आली. आत गेली आणि खिडकी लावली.
चाचणीचा निकाल: खिडकी बंद केल्यास आवाजात फरक पडतो का, ते विचारायचं राहिलं.

१३ मार्च, शुक्रवार
मेव्हणीचा फोन. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, भावोजी, ताई काल रात्री ड्युटीवर रडली म्हणे. पेशंटनेच तिला पाणी दिलं. तुम्ही तो नवीन सायलेन्सर का घेत नाही? आम्ही देतो पैसे.
साडूच्या पैशाचा सायलेन्सर? त्यापेक्षा मी गाडी डोक्यावर घेऊन जाईन.
रात्रीचा ब्रेड तसाच राहिला.

१५ मार्च, रविवार
जाकीट काढलं. घरात सौ. नाही, तरी हातोडी वापरली नाही. का, ते सांगता येत नाही. वापरावीशी वाटली नाही.
सायलेन्सरच्या पट्टीचा नट शोधायला माझा जास्तीच्या पार्टांचा डबा उपडा केला. मी दर सर्व्हिसिंगला गाडीचे दोन-तीन पार्ट वाचवतो, ते या डब्यात असतात. त्यात तांब्याची एक रिंग. कडेला काजळी, म्हणजे ती कधीतरी गाडीत होती. इंजिनातून पाइप जिथे निघतो तिथे धरून बघितली. टोपीसारखी बसली. बोल्ट आवळले. किक मारली.
शांतता! इंजिन बंद पडलं असं समजून आणखी एक किक मारली, तेव्हा कळलं की चालू आहे.
सगळा आवाज तिथल्या फटीतूनच सुटत होता. अकरा दिवसांच्या अथक संशोधनातून मी त्याचं मूळ पकडलं. खर्च शून्य. एक मात्र आहे, रिंग कुठे बसवायची ते कंपनीने तिच्यावर कोरायला नको का? ग्राहकाने काय समजायचं?
संध्याकाळी मेव्हणीकडे गेलो. चालत. सौ.ला घेऊन आलो. खाली गाडी चालू करून दाखवली. तिने कान दिला. खाली वाकली. म्हणाली, छान. खरंच छान केलंत हो.
रात्री ड्युटीवर जाताना माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ८.२५, कोपऱ्यावरून
सौ. आठला झोपली. सव्वाआठला निघालो. जिन्याखालचं मांजरसुद्धा हललं नाही. असा क्षण, आणि साक्षीदार कुणी नाही! राहवलं नाही. घरी फोन केला. बराच वेळ वाजला. तिने उचलला. विचारलं, गाडीचा आवाज आला का? ती म्हणाली, नाही. मी म्हणालो, बघ!
फोन कट झाला.

१७ मार्च, मंगळवार
आज फोन केला नाही. माणसाने शिकत राहावं. अर्ध्या वाटेवरून परत आलो, पावलांचा आवाज न करता बेडरूममध्ये गेलो आणि अगदी हळूच, कानाशी वाकून विचारलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बोलणी झाली. म्हणजे ती बोलली. गाडीची काही तक्रार नाही म्हणाली. गाडी हवी तर बेडरूममध्ये उभी करा. पण मी साडेसातला घरी येते, त्याच्या आत तुम्ही बाहेर. डबा मी आदल्या दिवशी संध्याकाळी करून ठेवीन. पाचनंतर खुशाल या, काय बोलायचं ते तेव्हा बोला. सगळं ऐकेन. नाहीतर बॅग अजून भरलेलीच आहे.
मी मान्य केलं. ट्रॅफिकच्या दृष्टीनेही लवकर निघणं सोयीचंच.

१९ मार्च, गुरुवार. सकाळी ७.०५
कारखान्याचं गेट. बंद. नऊला उघडतं. वॉचमन खुर्चीत घोरत होता. त्याच्या बुटाजवळ गाडी नेऊन उभी केली, तरी घोरणं अखंड. इतकी चोख चाचणी आजवर झाली नव्हती. खांदा हलवून त्याला उठवलं आणि विचारलं. तो जे म्हणाला त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख होता.
डबा आत्ताच उघडला आणि संपला.

८.४०
एव्हाना सौ. गाढ झोपली असेल. नक्की झोप लागली ना, एवढंच विचारायला फोन लावला. तीन वेळा. स्विच्ड ऑफ. तिचा फोन कधी बंद नसतो. बॅटरी गेली असणार. रविवारी उघडून बघतो.