सातमीपर्यंत स्वयंपाक

२८ जुलै, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. जे लिहून ठेवलं ते नंतर कुणी नाकारू शकत नाही. नडियादला तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काट्यावर बसून एवढं तरी शिकलो.

सध्या न्यू जर्सीत, मुलाच्या घरी. मंजुळा गेल्यावर निमेष मला चार महिन्यांसाठी घेऊन आला. त्याला आता सोळा महिने झाले.

काल जेवताना स्पष्ट सांगितलं, मला घरी जायचंय, तिकीट काढ. निमेष म्हणाला, बापुजी, तिथे खाल काय? तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही. मी म्हणालो, येतो. सून फाल्गुनी हसू लपवायला डाळीचं भांडं उचलून आत घेऊन गेली. भांडं भरलेलं होतं. मला अजून वाढून घ्यायची होती.

शेवटी निमेष म्हणाला, बरं, एक दिवस सगळ्या घराचा स्वयंपाक एकट्यानं करून दाखवा, त्याच दिवशी तिकीट काढतो.

दिवस मी निवडला. रांधण छठ, म्हणजे श्रावण वद्य षष्ठी. त्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, शेगडी पुसून थंड करायची आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमीला, विस्तव न पेटवता तेच थंड जेवायचं. सातमीला शीतळा माता घरोघरच्या चुलीत येऊन लोळते. चूल गरम असली तर ती भाजते, मग त्या घराचं काही खरं नाही.

नातवंडांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्यावर संस्कार होतील. खरं तर तिकिटापेक्षा मला संस्कारांचीच काळजी जास्त आहे.

२९ जुलै

मुलांना गोष्ट सांगितली. हेली दहा वर्षांची, नीव सहाचा. आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. हेलीनं विचारलं, दादा, शीतळा मा गॅसवर पण येते? मी म्हणालो, येते. कुठल्या बर्नरवर? मी विचार करून सांगितलं, पुढच्या मोठ्या. तिनं वहीत लिहून घेतलं. हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

नीव म्हणाला, थंड जेवण तर मी रोजच खातो. खरं आहे. सकाळी फ्रिजमधलं दूध आणि कुरकुरीत दाणे, दुपारी फ्रिजसमोर उभ्यानं कालचा पिझ्झा. मी म्हणालो, ती परंपरा नाही, तो आळस आहे. फाल्गुनी म्हणाली, बापुजी, मग आपल्याकडे तीनशे पासष्ट दिवस सातमच की.

सूनबाईला या घरात माझ्या वाक्यावर वाक्य टाकायची सवय लागली आहे. नोंद करून ठेवतो.

३१ जुलै

नडियादला शेजारच्या जसुबेनना फोन. मंजुळाची मैत्रीण. थेपल्यांचं प्रमाण विचारलं. म्हणाल्या, मूठभर मेथी. कुणाची मूठ? माझी. तिचं वजन किती? यावर त्या इतका वेळ हसल्या की मी फोन टेबलावर ठेवून पाणी पिऊन आलो. आलो तरी हसतच होत्या.

मग म्हणाल्या, रमणीकभाई, मंजुबेननं जन्मभर पाण्याचा पेला हातात आणून दिला, आणि आता तुम्ही साठ थेपले लाटणार? मी म्हणालो, पन्नास वर्षं बघत आलोय. कुठून बघत होतात? झोपाळ्यावरून. झोपाळा तर ओसरीत, भाई, ओसरीतून स्वयंपाकघर दिसतं कुठे?

वास येत होता. स्वयंपाकात निम्मं काम वासाचंच असतं.

२ ऑगस्ट

पहिली तालीम. खिचडी. घरी कुणी नसताना.

तांदूळ ३०० ग्रॅम, मूगडाळ १५० ग्रॅम. वजन एकदम बरोबर. पाणी कमी पडलं, तो दोष पाण्याचा. इथलं पाणी लवकर उडून जातं. गॅसलाही मधली चाल नाही, एक तर निजलेला, नाही तर अंगावर येतो.

भांडं मागच्या अंगणात गुलाबाच्या झाडामागे ठेवलं आहे. लपवलं नाही. निवायला ठेवलं आहे.

दुपारी जेवण : केळं.

४ ऑगस्ट

मेथी माझी स्वतःची हवी, सुनेच्या फ्रिजमधली नको, म्हणून इंडियन स्टोअरला पायी निघालो. दार उघडलं की भिंतीवरच्या यंत्रातली बाई मोठ्यानं सांगते, पुढचं दार उघडलं. रोज सांगते. चोराला हे सांगून काय उपयोग? हे घरातल्या माणसासाठीच बसवलेलं आहे, मला कळत नाही का?

रस्त्याला फूटपाथ नाही. चालणारा मी एकटा. सगळी घरं एकसारखी, सगळी दारं बंद, ओसरीवर एक माणूस नाही की ज्याला विचारावं, केम छो. नडियादला आमच्या दारापासून भाजीवाल्यापर्यंत जाताना अकरा जण थांबवतात. इथे पाऊण तास चाललो, तर एक कुत्रा बघून गेला, तोही काचेआडून.

मी वाट चुकलो नव्हतो. एका पायरीवर बसलो होतो, पायरी दुसऱ्याची निघाली इतकंच. त्या घरच्या बाईनं पाणी दिलं, माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. निमेष ऑफिस सोडून आला. गाडीत म्हणाला, बापुजी, तुम्हाला काही झालं असतं तर? मी म्हणालो, झालं असतं तर मेथीची जुडी घरी आली असती, दुसरं काय.

संध्याकाळी त्यानं माझ्या मनगटावर एक पट्टा बांधला. मी कुठे आहे ते त्याला फोनवर दिसतं म्हणे. मी कुठे असणार? खिडकीजवळच्या खुर्चीत. त्यासाठी पट्टा कशाला?

ठराव : तिकीट मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. स्वयंपाकघर वगळून.

६ ऑगस्ट

फाल्गुनीनं गुलाबामागचं भांडं शोधून काढलं. काही बोलली नाही. घासून फडताळात ठेवलं. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

थेपल्यांची तालीम, हेली मदतनीस. टपालाचा छोटा काटा घेऊन प्रत्येक गोळा ३८ ग्रॅमचा केला. वखारीत माझ्या मापावर कधी वाद झाला नाही. गोळे सगळे सारखे, लाटल्यावर मात्र एकाचा आकार दुसऱ्याला ओळख देईना. हेलीनं नुसत्या हातानं गोळे तोडले. मी तपासून पाहिले. ३८, ३८, ३८, ३८.

काटा बिघडला आहे.

तिचे थेपले गोलही आले. मी तिला सांगितलं, लक्षात ठेव, देखरेख कुणाची होती. ती म्हणाली, दादा, तुमचा जळतोय.

९ ऑगस्ट

तारखेचा वाद. फाल्गुनी म्हणते रांधण छठ गुरुवारी, १४ला. मंदिराचा मेसेज दाखवला. नडियादच्या किराणा दुकानातून आणलेल्या कॅलेंडरातही १४च आहे. ते मी नाकारत नाही. पण ती १४ नडियादची. तिथे सकाळ होते तेव्हा इथे आदली संध्याकाळ असते, म्हणजे अमेरिका मागे आहे. जो मागे आहे त्याच्याकडे सण नंतर पोहोचणार. म्हणून इथे छठ १५ला. सातवी पास माणसाला कळतं ते मंदिरवाल्यांना कळत नाही.

निमेष कागदी रुमालावर पृथ्वी काढायला लागला. मी थांबवलं. जेवताना पृथ्वी काढू नये.

फाल्गुनी म्हणाली, बापुजी, बघू मग. म्हणजे पटलं. पटल्यावर ती असंच म्हणते.

१२ ऑगस्ट

तयारी पूर्ण. मेनू : मेथीचे थेपले ६०, बाजरीचे वडे ४०, गोड पुऱ्या, भरलेली मिरची, दही. यांतलं दही तयार मिळतं, म्हणजे एक पदार्थ आत्ताच झाला.

बाकीच्यांचा सराव राहिला आहे. पण फार सराव केला की हात बिघडतो.

बॅग अर्धी भरली. धोतरं खाली, स्वेटर वर.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

सूनबाई दुपारीच ऑफिसातून आली. तीन वाजल्यापासून तळण. हेली ओट्याशी स्टुलावर उभी, हातात लाटणं. थेपल्यांची चळत, वड्यांची परात, पुऱ्या. मी खुर्चीतून सगळं बघितलं. इथून स्वयंपाकघर चांगलं दिसतं.

हे काय चाललंय ते मी ओळखलं. उद्या माझं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून आधीच करून ठेवते आहे. एवढा अविश्वास. मन दुखावलं. पण मोठ्या माणसानं माफ करावं. चव बघण्यासाठी तीन थेपले खाल्ले. ठीक होते. चार.

हेली म्हणाली, दादा, आता गॅसला कुणी हात लावायचा नाही हं. मी म्हणालो, हो हो. उद्या माझ्याखेरीज कुणी लावायचा नाहीच.

आठला झोपतो. पहाटे उठायचं आहे.

१५ ऑगस्ट, पहाटे सव्वापाच

आंघोळ झाली. गणपतीचं नाव घेतलं.

ओट्याची ही काय दशा! शेगडीवर टोमॅटो सॉसचे लाल डाग, आणि पुढच्या मोठ्या बर्नरवर चक्क कापूस. पोरीनं नखांचा रंग पुसून टाकलेला असणार. आजच्या पवित्र दिवशी! सगळं घासून लख्ख केलं. कापूस कचऱ्यात.

पुढचा मोठा बर्नर पेटवला. तेल ठेवलं. जय शीतळा मा.

१५ ऑगस्ट, अकरा वाजता

शांतपणे लिहितो.

सहाला हेली खाली आली. माता येऊन गेली का बघायला गजर लावून उठली होती. मला बघितलं, बर्नर बघितला आणि किंचाळली. सगळं घर खाली.

तो सॉस नव्हता. कुंकू होतं. काल शेगडी निवल्यावर तिनं स्वतःच्या हातानं पूजा केली होती. कपाशीचं रोप ठेवायचं असतं, ते इथे कुठून मिळणार, म्हणून आईच्या कपाटातला कापूस. पुढच्या मोठ्या बर्नरवर, कारण दादांनी तसं सांगितलं होतं.

म्हणजे सातम आज.

हेली रडत म्हणाली, दादा, तुम्ही तिला भाजलंत. मी म्हणालो, ती पाचच्या आधी निघून गेली असणार. तुम्ही पाहिलंत? नाही. मग? दहा वर्षांच्या मुलीनं इतके प्रश्न विचारू नयेत. नीव कुणालाही न विचारता फ्रिजरकडे गेला, गुडघ्याला लावायची निळी बर्फाची पिशवी आणली आणि बर्नरवर ठेवली. फाल्गुनीनं गॅस आधीच बंद केला होता.

ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बापुजी, बा (म्हणजे मंजुळा) दर छठीला मला फोनवरून एकेक गोष्ट सांगत असायच्या, किती मीठ, किती मोहन, अकरा वर्षं. आणि शेवटी दर वेळी हेच म्हणायच्या, सगळं झालं, शेगडी थंड केली, आता फक्त तुझ्या सासऱ्यांना तिच्यापासून लांब ठेवायचं, ब्याऐंशी साली दाढीच्या पाण्यासाठी सातमीला पेटवली होती त्यांनी.

निमेष हसला. हेलीही रडता रडता हसली.

ती गोष्ट वेगळी होती. दाढीचं पाणी म्हणजे स्वयंपाक नव्हे.

मंजुळा दर श्रावणात फोनवर तासभर बोलायची. मी झोपाळ्यावरून ओरडायचो, बिल वाढतंय. मला वाटायचं, इकडचं तिकडचं बोलतात.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

दिवसभर थंड जेवण. थेपला, दही, मिरची. सोळा महिने मी या घरात रोज म्हणत आलो, मंजुळाच्या हाताची चव नाही. आज थंड थेपला चावताना ती होती. थंड असल्यामुळे असेल.

परीक्षा अर्धवट राहिली. अर्धवट परीक्षेत नापास करता येत नाही. निमेषला तसं कळवलं. बघतो म्हणाला.

१८ ऑगस्ट

जिंकलो! निमेषनं तिकीट काढलं. २० डिसेंबर. मुलांना सुट्टी आहे, सगळे मिळून नडियादला. जसुबेनना लगेच फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, घर झाडून ठेवते.

१९ ऑगस्ट

तिकिटाचा कागद नीट वाचला. पाच तिकिटं. पाचांवरही परतीची तारीख छापलेली आहे. ७ जानेवारी. माझ्याही.

निमेषला म्हणालो, चूक झाली आहे. तो म्हणाला, नाही बापुजी. आणि माझ्या मनगटावरचा पट्टा सैल झाला होता, तो नीट बांधून दिला.

२१ ऑगस्ट

हेली नडियादची यादी करते आहे. बाच्या स्वयंपाकघरात बाच्याच तव्यावर थेपले करणार म्हणे. विचारलं, दादा, बाचा तवा कुठे असतो? मी ताबडतोब सांगितलं, शेगडीच्या डाव्या हाताला, फळीवर. आणि पिठाचा डबा? त्याच्या खाली. तिनं वहीत चित्र काढून घेतलं.

दुपारी ती पोहायला गेल्यावर जसुबेनना फोन करून खात्री करून घेतली. त्या या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, भाई, तुमच्या शेगडीच्या डाव्या हाताला खिडकी आहे. मंजुबेन तिथूनच तर माझ्याशी बोलायची.

संध्याकाळी हेलीला म्हणालो, चित्र खोड. तिनं का ते विचारलं नाही. खोडलं. मग म्हणाली, दादा, डिसेंबरपर्यंत चार महिने आहेत, रोज एक गोष्ट शिकवते, आधी चहा.

उद्या साडेचारला पहिला तास. काटा आणायचा नाही, अशी तिची अट आहे.