विहिणीच्या कणकेच्या गोळ्या

गुरुवार, रात्रीची वेळ

सगळ्यात आधी कोण आलं, तर विहीणबाई! सुनेची माय. गोंदियाहून पहिल्या गाडीनं पावर हाउस टेशनले उतरून, माझा चहा उकळायच्या आत दारात. आल्याबरोबर परातीत कणीक मळायले बसल्या. व्याही दवाखान्यात भरती, म्हणून मासोळ्यांले एकशे आठ गोळ्या चारायचा नवस बोलल्या होत्या. आज रायपूरचं मासोळीघर पाहायले जाऊन राहिलो, तर तिथंच फेडू म्हणे.

मी मागच्या साली पाहून आली. तिथं सारं काचेतच, बाहेरचा दाणा चालत नाही. मले ठाऊक होतं. पण बोलली नाही. उलट म्हटलं, "बारीक वळा बाई, मासोळीचं तोंड लहान असते."

काय मजा आली! तिथं विहीणबाई गोळ्यांचा डबा उघडून, काचेपुढे हात जोडून उभ्या. पहारेकरी खेकसला, "अम्मा, ये तालाब है क्या?" लोक हासले. मी सगळ्यात मोठ्यानं. दिवाळीत माझ्या अनारशाले चारचौघात दगड म्हणाल्या होत्या. घ्या आता!

गोळ्या मात्र सुरेख होत्या. साऱ्या एकसारख्या.

परत येताना नात पिहू मले म्हणाली, "आजी, तुले तर पता होतं ना?" पोरीनं तो डबा विहीणबाईच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला. कायले घेतला असंन?

संध्याकाळच्या गाडीनं विहीणबाई गेल्या. रविवारी परत येतो, नवीन कणीक मळून तलावावर जाऊ म्हणाल्या. मले नाही, पिहूले म्हणाल्या.