रक्त पाहाल तर मागे सरा

५ जुलै
मुख्याध्यापकांनी मला शाळेचा रक्तसुरक्षा प्रमुख नेमलं. कुणाला लागलं, उलटी झाली, तर दुसऱ्यांना संसर्ग होऊ द्यायचा नाही. उपमुख्याध्यापकाची खुर्ची आता माझीच. ड्रॉइंगचे सर म्हणाले, दुसरं कुणी तयारच नव्हतं. जळतोय बिचारा.

६ जुलै
परिपत्रक आलं. पहिलं वाक्य : उघड्या हातानं रक्ताला स्पर्श करू नये. वा! यातच सगळं आलं. पुढचं वाचलं नाही. जास्त वाचलं की वक्त्याची धार बोथट होते.

८ जुलै
प्रार्थनेनंतर भाषण. गरजलो, ‘रक्त पाहाल तर मागे सरा!’ मुलं तिथंच मागे सरली. शेवटची रांग चिखलात बसली. याला म्हणतात प्रभाव.

११ जुलै
भाची आमच्याकडेच राहते, सहावीत आहे. बहिणीची नोकरी फिरतीची. पोरीचा घोळणा फुटतो. आज भर वर्गात, माझ्याच तासाला फुटला. म्हणाली, ‘मामा, रुमाल दे ना.’ दिला नाही. सुधारणेची सुरुवात घरापासून! शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, भोवती खडूचं रिंगण आखलं.
रात्री जेवली नाही. बायकोला सांगितलं, समाजासाठी त्याग करावा लागतो. ती म्हणाली, मग तुम्हीही जेवू नका. मी म्हटलं, एका घरात एक त्याग पुरे. जेवलो.

१८ जुलै
यश! पोरं भाचीला ‘लाल सिग्नल’ म्हणतात. ती दिसली की थबकतात. मैत्रिणीनंही डबा वेगळा केला.
वर्गशिक्षिका तावातावानं आल्या. म्हणे, हातमोजे घालून मदत करायची असते, सर. रक्त कुणाचंही असो, नियम सगळ्यांना सारखाच. पोरीला वाळीत टाका असं कुठं लिहिलंय? परिपत्रकाच्या मागच्या पानांवर काय लिहिलंय देव जाणे. हातमोजे कपाटात आहेत. शाळेच्या तपासणीपर्यंत कोरे हवेत.

२५ जुलै
तपासणी. अधिकारीबाई आल्या. मैदानावर मी बोलत असतानाच भाचीचा घोळणा फुटला. सारी शाळा एका झटक्यात मागे! काय शिस्त! डोळे भरून आले. पोर मधोमध, ओंजळ नाकाखाली. मी थांबलो नाही. उलट अभिमानानं सांगितलं, ही माझी सख्खी भाची, पण मी घरच्यांनाही सूट देत नाही.
तेवढ्यात वर्गशिक्षिकेनं पर्समधून हातमोजे काढून घातले, पोरीची मान पुढं झुकवून नाक चिमटीत धरलं. माझ्या भाषणाचा पार विचका.
रक्त थांबल्यावर अधिकारीबाईंनी विचारलं, खरंच का गं, हे तुझे मामा?
ती म्हणाली, ‘नाही.’
घाबरली असणार.

२७ जुलै
उपमुख्याध्यापकाची खुर्ची वर्गशिक्षिकेला. माझं प्रमुखपदही त्यांनाच. द्रष्ट्या माणसाला हे भोगावंच लागतं.
संध्याकाळी बहीण आली. मला ओलांडून सरळ आत गेली. पोरीचे कपडे भरले. निघताना पोर मामीच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसले, दप्तर पाठीला लावलं आणि माझ्यासमोर सरळ उभी राहिली.
‘येते, सर,’ म्हणाली.